स्फोट झाला नव्हता, ताई

परवा एक माणूस मोटारसायकलवरून आला. हेल्मेटही न काढता विचारतो, "सिलिंडर फुटला तो हाच स्टॉल का?"

मी कढईत वडे सोडत होते. म्हटलं, "फुटला असता तर मी इथं वडे तळत उभी असते का?"

त्यानं मोबाइल पुढं केला. कुठल्याशा कंपनीच्या ग्रुपवरचा मेसेज होता. महाळुंग्यात नाश्त्याच्या गाडीवर भीषण स्फोट, महिला जागीच ठार. खाली भलत्याच कुठल्या तरी आगीचा फोटो. ताई, त्या फोटोत नारळाची झाडं होती. आपल्या रस्त्याला कुठंय नारळ?

मी झारा ठेवला, त्याला गाडीच्या बाजूला नेलं आणि सिलिंडर दाखवला. विटांच्या ओट्यावर उभा, सावलीत, शेगडीपासून लांब. हात लावायला लावला. "थंड आहे ना? मग ज्यानं तुम्हाला हे पाठवलं त्याला जाऊन सांगा." त्यानं दोन प्लेट वडे खाल्ले आणि गेला. सांगितलं की नाही, कोण जाणे.

तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि सतरा दिवस मी एकच वाक्य बोलते आहे. सुलभाताई डोक्यातली रक्तवाहिनी फुटून गेली. हॉस्पिटलात, तिसऱ्या दिवशी दुपारी. या वेळी गॅसनं तिला बोटही लावलं नाही. लोक मान हलवतात आणि त्यांना हवी तीच गोष्ट पुढं सांगतात. गॅसच्या काळजीपायी अख्ख्या रस्त्याचं डोकं खाणारी बाई शेवटी गॅसनंच गेली, हे सांगायला त्यांना बरं वाटतं. मी सांगू देणार नाही. एकेकाला गाठून सिलिंडरला हात लावायला लावीन, पण तुझं मरण कुणाच्या करमणुकीला देणार नाही.

आपली ओळखच भांडणानं झाली होती. वायरिंगच्या कंपनीत माझी लाइन बंद पडली आणि आम्ही सगळ्या कंत्राटी बायका एका दुपारीत घरी बसलो. ह्यांची प्रेस शॉपमधली नोकरीही कंत्राटीच. मला बसून राहणं जमणारं नव्हतं. तुमची जमीन कारखान्यांत गेली, रस्त्याकडेला एक पट्टा उरला, तिथं तू नाश्त्याची गाडी लावतेस आणि जोडीला बाई शोधतेस, असं कळलं. मी घरची शेगडी आणि घरचा लाल सिलिंडर रिक्षात घालून तुझ्यासमोर येऊन उभी राहिले.

तू शेगडीकडं बघितलंही नाहीस. नळी उचललीस आणि दोन बोटांत धरून दुमडलीस. दुमडीवर बारीक बारीक भेगा उघडल्या.

"ही किती वर्साची?"

"शेगडी लग्नातली आहे माझ्या."

"शेगडीचं न्हाई, नळीचं इचारलं."

मला सांगता येईना. तू कात्री घेतलीस आणि माझ्या डोळ्यांदेखत नळीचे दोन तुकडे केलेस. "आता परत जोडायचा मोह हुणार न्हाई."

मी लातूरची. तिथंच आवाज चढवला. "माझी वस्तू न इचारता कापायलीस कशी?" रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघायला लागले. तू मात्र हसलीस. म्हणालीस, "भांडतीस बरी. उद्या सहाच्या आत ये. आन् हा लाल सिलिंडर घरी ठिव. घरचा सिलिंडर धंद्याला चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला आले. नव्या नळीचा एक तुकडा तू माझ्यासाठी आणून ठेवला होतास. घरच्या शेगडीसाठी. नारिंगी रंगाची, जाड, अंगावर छापलेली तारीख. ती तारीख तू मला मोठ्यानं वाचायला लावलीस, पहिलीच्या पोरीला धडा वाचायला लावतात तशी. तुझा राग येत होता आणि राग येता येता मी ती वाचत होते.

मग सहा वर्षं रोज सकाळी तेच. गाडी लावली की तू आधी शेगडी जमिनीवर डळमळते का बघायचीस, मग सिलिंडर ओट्यावर, मग नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा. मग तुझ्या लेकीच्या, प्राजूच्या बाबांचा दाढीचा जुना ब्रश काढून साबणाचा फेस करायचीस आणि प्रत्येक जोडाला लावायचीस. पहिल्या शिफ्टची बस समोर थांबलेली, दहा जण "ताई, वडापाव" म्हणत उभे, आणि तू फेसाकडं टक लावून. बुडबुडा फुगतोय का. कुणी घाई केली की म्हणायचीस, "कंपनीत मशिन चालू करायच्या आधी तुमी चेक करता का न्हाई? मग हे बी मशिनच हाय." शेगडीची ज्योत निळी असली की तुझा चेहरा उजळायचा. टोकाला पिवळी दिसली की लगेच बंद, बर्नर गार होऊ द्यायचा, गॅस सोडणारं बारीक भोकाचं जेट काढायचं, पिनेनं साफ करायचं. मी म्हणायचे, ताई, पिवळ्यावर पण तेल तापतं. तू म्हणायचीस, तापतं, पर कढई काळी हुती आन् मला पिवळं आवडत न्हाई.

ऐन थंडीत गॅस संपत आला की सिलिंडरला घाम सुटतो, ज्योत बसते. शेजारचा चहावाला शंकर अशा वेळी सिलिंडर आडवा करायचा, नाहीतर उकळत्या पाण्याच्या टबात उभा करायचा. सगळेच करतात. तू त्याच्या टपरीवर जाऊन टब उलटा केला होतास. पाणी त्याच्या चपलेवर गेलं. तो ओरडला, "ताई, माझा धंदा आहे!" तू म्हणालीस, "धंदा तुजा हाय, पर रस्ता समद्यांचा हाय. संपला तर संपला, दुसरा लाव." चार दिवस तो तुझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी न सांगता चहा पाठवला.

तू बारा महिने पुरुषांचे मोजे घालायचीस. साडीखाली करड्या रंगाचे मोजे आणि वर प्लॅस्टिकची चप्पल. मला वाटायचं, टाचांना भेगा असतील. मी दोन वर्षांची जुनी झाले तेव्हा एका दुपारी, कंपनीला सुट्टी होती आणि गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तूच मोजा खाली केलास. घोट्यापर्यंतची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी.

मी यायच्या आधीची गोष्ट. पाऊस होता. तू गाडीला चारी बाजूंनी प्लॅस्टिक बांधलं होतंस, पार जमिनीपर्यंत, वारा लागू नये म्हणून. रात्रीत उंदरानं नळी कुरतडली होती. सकाळी तू आत शिरलीस, वास आला नाही, कारण सर्दी झाली होती. लायटर दाबलास. "आवाज बी झाला न्हाई गं," तू म्हणालीस. "निळं पाणी कसं पसरतं, तसं पायाखालनं पसरलं. गॅस खाली बसतो रेखे. त्याला जायला वाट लागती. मी वाट बांधून टाकली हुती." एवढं सांगून मोजा वर ओढलास आणि कांदे चिरायला घेतलेस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

तो मी काढला. आणि काय शब्दांत काढला.

चिखलीच्या इंगळ्यांच्या वर्कशॉपमध्ये मी एक गाडी बघून आले होते. स्टीलची, चकचकीत, वर छत, समोर काच, खाली बंद कपाट, त्याला कुलूप. सिलिंडर आत, भांडी आत. आपली लाकडी गाडी सहा वर्षांत तीनदा ठोकून घेतलेली. नव्या पार्किंगपाशी दोन पोरांनी तसली गाडी लावली होती आणि ऑफिसातली माणसं आता तिकडं वळत होती. मी तुला मोबाइलवर फोटो दाखवले. तू चष्मा लावून नीट बघितलेस आणि म्हणालीस, "खाली दार कशाला?"

"सिलिंडर दिसू नये म्हणून. घाण दिसतो."

"दिसू दे की. दिसला म्हंजे कुठं हाय ते कळतं."

मी समजावलं. मग आवाज चढवला. तू नाहीच म्हणत होतीस. शेवटी मी बोलून गेले, "तुझे पाय भाजले म्हणून जगानं जन्मभर मोडक्या गाडीवर उभं राहायचं का?"

तू मिरच्यांचं ताट उचललंस आणि पलीकडं जाऊन बसलीस.

त्यानंतर दोन दिवस आपण गिऱ्हाइकांतर्फे बोललो. तू शंकरला सांगायचीस, "हिला सांग, पाव संपलेत." मी बसच्या ड्रायव्हरला सांगायचे, "ताईंना विचारा, चटणी किती करायची." माणसं हसत होती. मीही मनात हसत होते. तिसऱ्या दिवशी बोलायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं, ताई. आदल्या संध्याकाळी तुझ्या आवडीच्या कारळाची चटणी कुटून ठेवली होती. ती डबी माझ्या पिशवीत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू कढईपाशी, मी पलीकडं सिलिंडरच्या अंगाला वडे वळत. समोर आठ-दहा जण. तुझ्या हातातला झारा आधी पडला. मी वर बघेपर्यंत तू एका अंगावर कललीस, हात कढईच्या कानाला लागला, कढई तिरकी झाली आणि तेल बर्नरवर गेलं. जाळ छतापर्यंत उठला. माणसं मागं पळाली. कुणीतरी "फुटला, फुटला" म्हणून ओरडलं. मेसेज तिथूनच जन्माला आला.

मी आधी तुझ्याकडं आले नाही.

मी उलटी वळले, सिलिंडरपाशी गेले, रेग्युलेटर बंद केला, जाळ खाली बसतोय का ते बघितलं, ओला केलेला गोणपाट बर्नरवर टाकला, आणि मग तुझ्याकडं आले. शंकरनं मागून सांगितलं, चार-पाच सेकंद असतील. मला विचारलंस तर पुष्कळ वेळ होता. तू डाव्या कुशीवर पडली होतीस, डोळे उघडे होते आणि ते माझ्या बाजूला होते. तू मला बघत होतीस का, हे मला माहीत नाही. बघत असशील तर तुला माझी पाठ दिसली.

तू स्वतः मला शंभरदा बजावलं होतंस. "मानूस पडू दे, पैशाचा डबा पडू दे, आधी तिकडनं बंद कर. बंद केलंस तर वाचवायला मानूस उरंल." पण दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं होतं मी ते. तुझ्याबद्दल ऐकलं नव्हतं.

नंतर कंपनीच्या टेम्पोत घालून तुला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोठा रक्तस्राव आहे. त्या चार-पाच सेकंदांनी काही फरक पडला असता का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारणारही नाही. त्यांनी नाही म्हटलं तर मला सुटका मिळेल, आणि अशी कुणाकडून मागून आणलेली सुटका मला नको. त्या सकाळी पुन्हा उभी राहिले तरी मी तेच करीन. दहा माणसं होती समोर. घरी त्यांचीही कुणीतरी वाट बघत होतं. याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

पायांबद्दल बोलले त्याची मागते. ती रोज मागते.

तेरा दिवस गाडी बंद ठेवली. घरी ह्यांनी हळूच विषय काढला, "आता कशाला त्या रस्त्यावर? ताईंसाठी जात होतीस. दुसरं काही बघू." मी म्हटलं, "मी तिच्यासाठी जात नव्हते. माझ्यासाठी जात होते. ती तिथं होती, एवढंच."

चौदाव्या दिवशी मी पट्ट्यावर पोचले तर तुझ्या दिरानं, तानाजीभाऊंनी, अख्ख्या रांगेला पत्रा मारला होता. चहा, वडापाव, आम्लेट, सगळ्यांना एकेक खोका. मागून, दोन्ही बाजूंनी, पार जमिनीत रुतवलेला नवा निळा पत्रा. समोर फक्त काउंटर. लांबून दुकानांसारखं दिसत होतं. तानाजीभाऊ स्वतः खुर्ची टाकून बसले होते.

मी खोक्यात शिरण्याऐवजी शेगडी बाहेर काढली, मोकळ्यावर ठेवली, सगळे जोड साबणानं तपासले आणि पेटवली. पेटली ती भलत्याच ठिकाणी. बर्नरच्या डोक्यावर काही नाही आणि मागं, नळी जिथं बर्नरच्या पाइपाला मिळते तिथं, भप्पकन ज्योत. बंद केलं. गार झाल्यावर पाइप सोडवला तर आत मातीची बोळकी. तेरा दिवसांत कुंभारमाशीनं घर केलं होतं. तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस, कारण सहा वर्षांत आपण इतके दिवस बंदच ठेवलं नव्हतं. मी तार घालून माती काढली, पाइप झटकला, उन्हात धरून आरपार उजेड दिसतो का बघितलं, पुन्हा जोडला. निळी ज्योत आली. ताई, त्या क्षणी मला तुझी आठवण येऊन रडू यायला हवं होतं. मला अभिमान वाटला. हे मला तुझ्याशिवाय कळलं होतं.

मग मी दहाचा पाना घेतला आणि माझ्या खोक्याचा खालचा पत्रा सोडवायला लागले.

तानाजीभाऊ उठले. "ओ, काय चाललंय?"

"खालचा दीड हात पत्रा काढायलेय. तिन्ही बाजूंचा."

"खर्च केलाय त्याला. पावसाळ्यात पानी येतं, कुत्री शिरत्यात, म्हनून मारलाय. वैनी गेल्या, त्यांच्यासंगं त्यांचं खूळ बी गेलं. आता जरा सुधारा."

"भाऊ, तुम्ही वैनींचे पाय बघितले होते का?"

बघितले होते. त्या वेळी त्यांनीच तुला ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं होतं, हे मला शंकरकडून नंतर कळलं. पण चारचौघांत बाईनं विचारलेलं त्यांना लागलं. "ते आमच्या घरातलं हाय," म्हणाले. "जागा बी आमच्या घरातली हाय. पत्रा काढलास तर उद्यापास्नं गाडी लावू नगंस."

"उद्याचं उद्या बघू. आज काढते."

बोल्ट काही निघेना. नवा होता, घट्ट मारलेला. मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. सगळी रांग बघत होती, कुणी हलत नव्हतं, आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला होता. तेवढ्यात शंकर आला. त्यानं माझा पाना घेतला नाही. आपल्या खोक्यात गेला, स्वतःचा पाना आणला आणि स्वतःच्या टपरीचा पत्रा सोडवायला बसला. आम्लेटवाली बाई म्हणाली, "माझा पण काढ रे." तानाजीभाऊ बघत राहिले, मग म्हणाले, "प्राजूला ठरवू द्या. जागा वैनींच्या नावावर हुती, आता तिची हाय. आन् तिला मी सांगनार हाय, आय पडली तवा तुमची ही रेखा काय करीत हुती ते."

आता पुढचं सांगायला मला जड जातं आहे.

प्राजू दुसऱ्या दिवशी आकुर्डीहून आली. तुझी लेक, कॉलेजचं शेवटचं वर्ष. केस विंचरलेले नव्हते. सकाळची गर्दी संपेपर्यंत ती बाकड्यावर बसून राहिली. मी चहा दिला, तिनं घेतला नाही.

"काका म्हणतात ते खरं आहे का, मावशी?"

मला वाटलं असतं तर सावरून सांगता आलं असतं. जाळ मध्ये होता, वाट नव्हती, असं काहीतरी. जागा तिच्या हातात होती. ह्यांचं कंत्राट येत्या महिन्यात संपतं, हेही डोक्यात होतं. मी तिच्यासमोर बसले आणि जसं तुला आत्ता सांगितलं तसंच सांगितलं. पाठ फिरवली ते. गोणपाट टाकला ते. डोळे उघडे होते तेही.

तिनं तोंड रस्त्याकडं वळवलं. कंटेनर जात होते.

"ती काही बोलली?"

"नाही."

"तू तिला हाक मारलीस? गॅस बंद करताना?"

"नाही, प्राजू. तोंडातून आवाजच आला नाही."

मग ती रडली. मी जवळ गेले तर हात झटकला. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला तुझा राग येतोय. तू बरोबर केलंस हे कळतंय, तरी येतोय. जाईल की नाही माहीत नाही."

"येऊ दे. मी इथंच आहे."

"काकांना मी सांगते. गाडी इथंच लागेल. पत्रा खालून उघडाच राहील, सगळ्यांचा." ती उठली, चार पावलं गेली आणि परत वळली. "आणि मावशी, आई त्या दोन दिवसांत मला फोनवर सांगत होती. रेखी बोलत नाही माझ्याशी, म्हणाली. मी विचारलं, भांडण कशावरून? तर म्हणाली, तिला नवी गाडी पाहिजे. तिचं बरोबर हाय, पर खालचं दार नगं. तिला सांगायचं कसं ते मला कळंना."

ताई, एवढंच होतं ना? मग बोलली का नाहीस? माझ्याकडं चटणीची डबी होती, तुझ्याकडं हे वाक्य होतं, आणि आपण दोघी शहाण्या ड्रायव्हरतर्फे पावाचा हिशोब करत बसलो. याचा मला तुझ्यावर राग आहे. माझ्यावरही आहे, पण तुझ्यावरचा आधी सांगते, कारण तू मोठी होतीस.

तानाजीभाऊ काल येऊन गेले. पत्र्याखालच्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाले, "झाडायला सोपं पडतं म्हना असं." मी हो म्हटलं. कारण त्यांनी काहीही ठरवू दे, वाट उघडी राहिली की मला पुरे.

आणि मी चिखलीला जाऊन गाडी सांगून आले. स्टीलचीच, चकचकीत, काचेची. खाली दार नाही. चारी बाजूंनी जाळी, तळाला भोकं, आणि सिलिंडर गाडीत नाहीच, बाहेर विटांच्या ओट्यावर. इंगळे म्हणाले, असं कुणी करून घेत नाही, विचित्र दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. मग त्यांनी विचारलं, पाटीवर काय रंगवू? ताईंच्या नावानं काहीतरी लिहू का, फोटो असेल तर तोही लावू, लोक करतात तसं.

मी नको म्हटलं. तुझा फोटो, त्याला हार, खाली तारखा, असं काही मी तळणाच्या धुरात टांगणार नाही. पाटीवर "गरम वडे, भजी, पोहे" एवढंच लिहा म्हटलं. लोक विचारतील, ताई कुठं गेल्या. विचारू देत. मी खरं काय ते सांगीन, प्रत्येकाला, वडा पानात ठेवता ठेवता.

गाडी सोमवारी येते आहे. तुझ्या मनासारखी आहे आणि माझ्याही. तू पाहिली असतीस तर खोड काढली असतीसच, आणि मी उलट बोलले असते. पहिली शिफ्ट सातला भरते. त्याआधी जोड तपासून झालेले असतील आणि तेल तापलेलं असेल. तू नसशील. तरी तापलेलं असेल.